‘हुबेहूब दादर’च्या देखावाकारास अनावृत पत्र

श्री. देखावाकार यांस,


गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपतीपुढे यंदा आपण दादर स्टेशन उभं केलंत. सनबोर्डाचा पूल, इंडिकेटर, ओव्हरहेड वायरी, खिडक्यांच्या गजांसकट लोकल. बाहेर फलक: ‘हुबेहूब दादर’. खरंच हुबेहूब आहे. दादरचं माणूस तेवढं एकही नाही.

फलाटावर कोटवाला गृहस्थ हॅट उंचावून कुणाला तरी निरोप देतोय. दादरला? संध्याकाळी साडेसहाला? पलीकडे एक बाई बुटकं, लांबुडकं कुत्रं फिरवतेय. वडापावच्या गाडीमागे उंच पांढऱ्या टोपीतला खानसामा. पुलावर एकंदर तिघं, तेही ऐसपैस. आणि इंडिकेटरखाली खांद्यावर स्की घेतलेला तरुण! तो बहुधा कसारा फास्टची वाट पाहत असावा.

मापाचं तर काय सांगावं. गाडी आपण एचओ मापाची केलीत, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. त्या हिशेबाने साडेपाच फुटी माणूस 19 मिलिमीटरचा होतो. आपण तयार पाकिटातून आणलेली निम्मी मंडळी मात्र इमारतींच्या 1:50 मॉडेलसाठी बनवलेली, 33 मिलिमीटरची. त्यांना डब्यात शिरायचं तर रांगतच जावं लागेल. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा मोठा असतो, हे मला ठाऊक आहे. तिथे कुणी फूटपट्टी घेऊन जात नाही. पण किल्ला करणारी पोरं बाहेर ‘हुबेहूब’ असं लिहीत नाहीत.

(मध्य रेल्वेच्या बाजूला आपण ‘फलाट 1’ असं रंगवलंय. 9 डिसेंबर 2023 पासून तिथले फलाट 8 ते 14 आहेत. असो.)

त्या इवल्या गोऱ्या माणसांवर माझा राग नाही. प्रायझर ही जर्मन कंपनी अशी माणसं बनवते, आणि बनवते ती तिकडच्या स्टेशनांसाठी. हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलँड या छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनात अशी दोन लाखांहून जास्त माणसं आहेत. लोक तिथे गाड्या बघायला जातात आणि माणसांच्या भानगडी बघत रेंगाळतात. आपण सगळा जीव गाडीत ओतलात आणि माणसं घेतली ‘मिक्स’ पाकिटातून, हाताला लागतील ती. लालबाग-परळच्या कारखान्यांत मूर्तीचे डोळे आखायला मुरलेला हात बसतो. आपण माणसं चिकटवायला चाळीतली बच्चेकंपनी बसवलीत.

बिनरंगी माणसांचीही पाकिटं मिळतात, साहेब. ती घ्यायची. ब्लेडने खांद्यापाशी हात कापून वर चिकटवला की माणसाने कडी धरली. टिश्यू पेपरची पट्टी पातळ फेविकॉलमध्ये भिजवून गुंडाळली की साडी, टोक खोचलं की कामावरून परतणारी बाई. छातीवर पुट्टीचा एक ठिपका दिला की सॅक पुढे घेतलेला प्रवासी. पाठीवर सॅक घेऊन कुणी दादरला गाडीत चढून दाखवावं! पांढरी टोपी आणि डोक्यावर लांबलचक लाकडी पाटी, झाला डबेवाला. फुलबाजारातून आलेली टोपलीवाली तर हवीच.

त्याहून महत्त्वाचं उभं राहणं. आपली माणसं लग्नाच्या रिसेप्शनला आल्यासारखी चारी दिशांना तोंडं करून उभी आहेत. गाडी फलाटाला लागताना दादरला सगळ्या माना एकाच बाजूला वळतात, एक पाय पुढे सरकतो, मोबाइल खिशात जातो. आणि गर्दी सारखी पसरलेली नसते. जिथे लेडीज डबा येणार तिथे घोळका, दोन पावलं पलीकडे मोकळं. रोजच्या बायकांना ती जागा फलाटाच्या फरशीवरून कळते. पाकिटातली पन्नास माणसं सारख्या अंतरावर चिकटवण्यापेक्षा तिथे पंधराच दाटीने उभी केली असतीत, तर बघणाऱ्या आजींनी ‘अगं, हे आपलं दादर!’ म्हटलं असतं. काल एका आजींनी विचारलं, “हे कुठलं रे? स्वित्झर्लंड का?” मी त्यांना फलक वाचून दाखवला. त्या हसल्या आणि प्रसाद घेऊन निघून गेल्या.

तरी एक विनंती. अनंत चतुर्दशीला अजून अवकाश आहे आणि ही मंडळी नुसत्या दुहेरी टेपवर उभी आहेत. आज आरतीनंतर सगळी उतरवा, स्कीवाल्यापासून सुरुवात करा. नवीन माणसं जमेपर्यंत फलाट रिकामे राहिले तरी चालतील. फलकावर फक्त ‘मेगाब्लॉक’ एवढं लिहा.

आपला,
चाळीतला एक पासधारक