न झालेल्या गोष्टींचा पगार

आमच्या वालूरच्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. त्यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. लेकरू नाव घालायला नेलं की गुरुजी त्याला खालीवर न्याहाळत आणि शाळा उघडायच्या सुमाराची एक तारीख ठोकून देत. माझा पुतण्या पुण्याच्या एका कंपनीत इंजिनीअर म्हणून नवा लागला, तेव्हा तिथल्या परप्रांतीय सीनियरला डेटाबेसात १ जूनला जन्मलेल्यांचा हा डोंगर दिसला. त्याने बग समजून तिकीट काढलं आणि रिवाजाप्रमाणे ते सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात पडलं. पोराने शेरा लिहिला, ‘बग नाही, मराठवाडा आहे,’ आणि तिकीट बंद केलं.

कंपनीचा धंदा असा, की आजार व्हायच्या आधीच माणसाला गाठायचं. मोबाइलमधलं ॲप पावलं मोजतं, झोप मोजतं, साखर तपासायची आठवण करतं. पुतण्या अर्धा महिना घरूनच काम करतो. पहिल्यांदा त्याने हे समजावून सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “कमी खा, लवकर झोप, हे मी तुला बावीस वर्षं फुकट सांगायले की!”

नव्या पोराला मोठं काम कोणी देत नाही. बटण दोन रेघा वर सरकव, ‘मधुमेह’मधला तुटलेला उकार नीट कर, असली कामं. पण एक तिकीट झकास निघालं. सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचचं. तिथं रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. त्यामुळे पाचला उठून शेताकडे निघालेल्या माणसाची पावलं आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होत. हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण ॲप तपासणाऱ्यांपैकी कोणी साडेपाचच्या आत उठून चालतच नसावं. ॲपला जोडलेला पावलं मोजायचा पट्टा आमच्या दादाच्या मनगटावर चढला तेव्हा चोरी सापडली. दादा रोज पहाटे रानात जातो आणि हिशेबाला पक्का आहे. “माझी आजची पावलं काल कामून लावली?” दुरुस्ती शेवटी एका ओळीची निघाली. ती ओळ कुठं घालायची, हे शोधण्यात पोराचे डोळे लाल झाले.

ॲपला रोज दहा हजार पावलं हवीत. हा आकडा कोण्या वैद्याने नाही, १९६५ साली पावलं मोजायचं यंत्र विकणाऱ्या एका जपानी कंपनीने रूढ केला. कापूस वेचणीच्या दिवसांत वहिनी मोबाइल धुऱ्यावर ठेवून दिवसभर वाकलेल्या असतात. संध्याकाळी ॲप त्यांना लाडात म्हणालं, ‘आज हालचाल फारच कमी! उठा, थोडं चाला!’ वहिनींनी उत्तरादाखल जे म्हटलं ते मोजायची सोय अजून कुठल्याच ॲपात नाही.

सरकारचंही असंच एक काम गावात चालतं. तिशीपुढच्या माणसांचा अर्ज भरायला आशाताई घरी येतात. तंबाखू खाता का, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का, असं विचारत टेप काढून कंबर मोजतात. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या वर गेली की एक गुण. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी नंबर. गुण कमी पडावेत म्हणून मी जन्मात पहिल्यांदा श्वास रोखून धरला. “आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम होतो का?” या प्रश्नावर वहिनी म्हणाल्या, “दीडशे मिनिटं बसणं होतं का, ते विचार ना बाई.”

मला यातलं एक कोडं मात्र भारी वाटतं. न झालेल्या आजाराबद्दल कोण कोणाला पेढे देतो? बायपास करणाऱ्या डॉक्टरचा फोटो लोक देवघरात लावतात. बायपासची वेळच येऊ न देणाऱ्याला कोणी ओळखत नाही. आमच्या चक्राकार पायऱ्यांच्या बारवेचंच बघा. गाळ आणि कचरा साचत गेला तेव्हा कोणाचं काही अडलं नाही. गावाने ती उपसून साफ केली, तेव्हा कुठं बाहेरची माणसं फोटो काढायला आली. वेळच्या वेळी गाळ काढणारं कोणी असतं, तर बारव तशीच शाबूत राहिली असती आणि त्याचं नाव कोणाला कळलंही नसतं. पोराच्या नोकरीचं तेच. संध्याकाळी विचारावं, आज काय केलंस? म्हणतो, “आज काही बंद पडलं नाही.”

सध्या त्याला स्थळं बघणं चालू आहे. सेलूच्या एका घरी मुलीच्या वडिलांनी विचारलं, “म्हणजे डॉक्टर?” नाही. “मग मेडिकल?” तेही नाही. “आजार होऊच देत नाही म्हणता, मग पैसे कोण देतं?” पुतण्या वर्गणीचं गणित सांगायला सरसावला, तेवढ्यात दादाने आवरतं घेतलं, “कॉम्प्युटरमध्ये आहे.” मंडळींचा जीव भांड्यात पडला. पोहे आले. वडिलांनी हळूच आपला मोबाइल पुढे केला. जागा भरल्यामुळे तो अडकत होता. पुतण्याने त्यातले शुभ सकाळचे सगळे फोटो पुसले. मोबाइल पळायला लागला आणि पत्रिका तिथल्या तिथं मागून घेतली.