एकास शहात्तर

बर्मिंगहॅमच्या एनईसी सभागृहात भरणारे वॉर्ले क्लबचे मॉडेल रेल्वे प्रदर्शन 2023 नंतर बंद झाले, या दूरदृष्टीबद्दल संबंधितांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. अडचण गाड्यांची नव्हतीच. त्या वेळेवर धावत होत्या (ब्रिटनमध्ये हे फक्त खेळण्यांनाच जमते, असे काही दुष्ट लोक म्हणतात). अडचण माणसांची. पहाटे व्हॅन भरणारे, टेबले उचलणारे, रुळावरची काजळी रबराने पुसणारे आणि अडलेल्या इंजिनाला बोटाने हळूच ढोसणारे स्वयंसेवक म्हातारे झाले. तरुण पिढीने त्यांच्या आनंदात ढवळाढवळ न करण्याचा सुसंस्कृतपणा दाखवला.

उपाय छंदातच दडलेला आहे. मॉडेल रेल्वेच्या डबल-ओ मापात जवळजवळ सगळे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्श्याचे असते; दोन रुळांमधले अंतर तर त्याहूनही कमी, जेमतेम 16.5 मिलिमीटर. मग अख्खे प्रदर्शनच त्या मापात का बसवू नये? सभागृह टेबलावर मावेल आणि भाडे, क्षेत्रफळाच्या हिशेबाने, 5776 पट उतरेल. पार्किंग, चहाचा काउंटर आणि ‘पूर्वीसारखी गर्दी राहिली नाही’ असे पुटपुटणारे आजोबा, सगळे प्लास्टिकचे. स्वयंसेवक रंगवून तयार, पाकिटातून मिळतात. त्यांची कंबर धरत नाही, ते राजीनामा देत नाहीत आणि वार्षिक सभेत हिशेबही मागत नाहीत.

योजनेत खोट काढायला जागा नाही. फक्त हे टेबल व्हॅनमध्ये चढवायला दोन माणसे हवी आहेत. इच्छुकांनी त्वरित कळवावे. अट एकच, गुडघे स्वतःचे असावेत.