राउंडवाले सर

राउंडवाले सर हे सर असतातच असं नाही. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात ते कधी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, कधी आळेफाट्यावर झेरॉक्सचं दुकान चालवतात, कधी विम्याचे हप्ते गोळा करतात. बऱ्याचदा त्यांचा अधिकार एवढाच असतो, की दोन वर्षांपूर्वी त्यांची थोरली इंजिनिअरिंगला लागली. एक लग्न जुळवलेला माणूस दुसऱ्या लग्नात मध्यस्थ होतोच; तसा एक ऑप्शन फॉर्म भरलेला बाप पंचक्रोशीचा सल्लागार होतो. राउंड म्हणजे कॅपची, अर्थात राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, फेरी. सीईटीचा निकाल लागला की सरांचा हंगाम सुरू होतो, आणि तो नेमका नारायणगावच्या टोमॅटोच्या हंगामावर येतो.

सरांची खूण म्हणजे काखेतलं स्पायरल बायंडिंग. त्यात गेल्या वर्षीच्या कट-ऑफची छापील यादी असते. बाकीच्यांना ती तार खात्याची सांकेतिक भाषा वाटते; सर ती हरिपाठासारखी म्हणतात. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींची जागा; मधला तुकडा प्रवर्गाचा; शेवटी एच आला तर होम युनिव्हर्सिटी, ओ आला तर बाहेरची, एस आला तर राज्यस्तर. शिकवणी शुल्क माफीच्या पाच टक्के जागा वेगळ्या कोडनं येतात आणि फॉर्मात त्या वेगळ्या भराव्या लागतात, हे सर प्रत्येक घरात नव्यानं, आवाज खाली आणून सांगतात. जणू ती बातमी त्यांना मंत्रालयातून आतल्या गोटातून कळली आहे.

सरांचं पहिलं काम आनंदावर पाणी टाकण्याचं. पोराला पंच्याण्णव पडले म्हणून पेढे वाटून झालेले असतात. ते पंच्याण्णव टक्के नसून पर्सेंटाइल आहेत, हे सर चहा येण्याआधी स्पष्ट करतात. परीक्षेला तीन लाख पोरं बसली असतील, तर एका पर्सेंटाइलमध्ये तीन हजार मावतात. म्हणजे पंच्याण्णववाल्याच्या पुढे पंधरा हजार उभी. हा हिशेब बरोबरच आहे, पण सर तो इतक्या समाधानानं मांडतात की आजोबांना वाटतं, ती पंधरा हजार पोरं यांनीच पुढे उभी केली.

मग यादीला हात लागतो. पुण्यातल्या क्लासवाल्यांच्या ड्रीम, टार्गेट आणि सेफ या तीन ढिगांना सरांनी आपली नावं दिली आहेत: वरचं, जमणारं आणि हातचं. वरच्यात 1854 सालापासून चालत आलेलं सीओईपी आणि धनकवडीचं पीआयसीटी. गेल्या वर्षीचा कट-ऑफ पोराच्या गुणांच्या आसपास असेल ते जमणारं. त्याहून बराच खाली असेल ते हातचं. पाच-सात वरची, दहा-बारा जमणारी, तीन-चार हातची, हे प्रमाण सर सोडत नाहीत. फॉर्मात तीनशे पर्यायांची सोय असली तरी, ‘तीनशे काय, लग्नाच्या पत्रिका आहेत का?’ असं विचारून ते विषय मिटवतात.

खरी मारामारी क्रमावर होते, आणि इथे सर निःसंशय उपयोगी माणूस ठरतात. बापाचं म्हणणं, जे नक्की मिळणार ते पहिल्या नंबरवर टाका, हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला? वाटपाचं यंत्र असं चालत नाही. ते गुणवत्ता क्रमांकानं एकेक विद्यार्थी घेतं आणि त्याची यादी वरून खाली वाचत जातं; जिथे जागा मिळेल तिथे थांबतं. वर अशक्य कॉलेज लिहिल्यानं खालच्यावरचा हक्क जात नाही. उलट हातचं वर लिहिलं तर फसगत. 2025 साली फेऱ्या चार झाल्या, तेव्हा नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तोच घ्यायचा, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला, आणि चौथीत मिळेल तो. हे समजावताना सर जेवणाच्या पंगतीचा दाखला देतात: वाढपी पहिल्यांदा जे घेऊन येईल त्याला हो म्हटलं की पान भरलं. बाप मान हलवतो. रात्री तोच बाप पोराला म्हणतो, ‘सरांचं बरोबर असंल, पण पहिलं हातचंच टाक.’

शाखेच्या बाबतीत सरांचंही काही चालत नाही. घराला कॉम्प्युटर हवं असतं. नाही तर आयटी. तेही नाही तर नावात कुठे तरी एआय असलेलं काहीही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं ज्या दोन तालुक्यांत आहेत, तिथे सिव्हिलचं नाव काढलं की आई पदर डोळ्याला लावते. खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाचा आवाज टिपत उभ्या आहेत, पण त्या बघून कुणी इलेक्ट्रॉनिक्स वर लिहिल्याचा पुरावा सरांच्या वहीत नाही.

जवळच्या कॉलेजांचं प्रकरण नाजूक आहे. जुन्नर तालुक्यात कुरण, बेल्हे आणि डुंबरवाडी इथे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आणि आंबेगावात अवसरी खुर्दला 2009 पासून सरकारी कॉलेज आहे. दुसऱ्या जिल्ह्यातली पोरं सामानाच्या पेट्या घेऊन अवसरीत उतरतात. मंचरचा पोरगा मात्र तोंड वाकडं करतो, कारण तिथे जाताना वाटेत मावशीचं घर लागतं. पिकतं तिथं विकत नाही, हे सरकारी फीलाही लागू आहे.

‘हातचं’ या शब्दावरून सरांची खरी कसोटी लागते ती मुलीच्या घरी. सरांच्या लेखी हातचं म्हणजे कट-ऑफ खाली असलेलं. आईच्या लेखी हातचं म्हणजे दिवेलागणीच्या आत घरी पोचता येणारं. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं, तेव्हा फीची सबब संपली. मग एसटीची निघाली. वाकडेवाडीहून शेवटची गाडी किती वाजता? ती फाट्यावर सोडते की गावात? फाट्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आहे, त्याचं काय? जुन्नर वन विभागात हा प्रश्न विनोदाचा नाही. उसात बिबट्या असतो आणि माणिकडोहला त्याचं निवारा केंद्र आहे. सर पानं उलटत राहतात. कट-ऑफच्या यादीत बिबट्याचा रकाना नसतो. शेवटी होस्टेल असलेलं आकुर्डीचं एक कॉलेज ‘जमणाऱ्या’तून उचलून ‘हातच्या’त ठेवलं जातं आणि दोन्ही बाजूंना आपण जिंकल्यासारखं वाटतं.

फॉर्म निश्चित करण्याची वेळ शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, वीज गेल्यावर येते. लॅपटॉप सरांचा, इंटरनेट शेजाऱ्याच्या फोनचं आणि ओटीपी बापाच्या मोबाइलवर. बाप त्या वेळी नारायणगावच्या उपबाजारात क्रेटच्या थप्पीपाशी. फोन लागतो, गलक्यात तो मोठ्यानं आकडे सांगतो: ‘चार... सात... दोन...’ समोरचा व्यापारी मान हलवतो, ‘चारशे बहात्तर नाय परवडत, चारशे वीस बोला.’ तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. दुसरा ओटीपी येईपर्यंत चारशे चाळीसला सौदा ठरतो, आणि पोराचा फॉर्म व बापाचा माल एकाच वेळी लॉक होतात.

सर पैसे घेत नाहीत. जागा लागली की घरी एक क्रेट येतो. 2023 च्या जुलैत नारायणगावला क्रेट दोन हजारांच्या पुढे गेला, त्या साली कृतज्ञता पेढ्यांवर भागली. जागा मनासारखी लागली नाही, तर सरांचं नाव बदलून ‘तो झेरॉक्सवाला’ होतं, पण पुढच्या जूनपर्यंतच.

बारावीवाल्यांमधून सवड मिळाली की सर डिप्लोमावाल्यांकडे वळतात. अवसरीच्या सरकारी तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेली पोरं थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी वही बघायला येतात. त्यांची गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या टक्क्यांवर लागते. पर्सेंटाइल नाही, पुढे उभी असलेली पंधरा हजार पोरं नाहीत. सर त्यांचं काम बसल्या बसल्या उरकून देतात, पण त्यात त्यांचं मन रमत नाही.