टॉप सीक्रेट

आमच्या घरातलं प्रेम पंचांगाबरहुकूम चालतं. दिवाळी पाडव्याला ती मला ओवाळते, मी तबकात ओवाळणी टाकतो, ती नोट उजेडाकडे धरून बघते. वटपौर्णिमेला ती वडाला फेऱ्या घालून सात जन्मांचं बुकिंग करते, त्यात माझं मत कुणी विचारत नाही. या वेळापत्रकात १४ फेब्रुवारी कधी बसलाच नव्हता. नव्वदच्या दशकात व्हॅलेंटाईन डेच्या विरोधात भेटकार्डांच्या दुकानांवर मोर्चे जायचे, कार्डांच्या होळ्या व्हायच्या, तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं होतं आणि मी त्या विरोधाचा मनापासून पाठीराखा होतो. संस्कृतीसाठी नव्हे. खर्च वाचत होता.

पण २०२४ साली ऑफिसातल्या पोरांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाली, काका, हा एक दिवस नसतो, अख्खा आठवडा असतो: ७ तारखेला रोझ डे, मग प्रपोज, चॉकलेट, टेडी, प्रॉमिस, हग, किस, आणि शेवटी तो मुख्य दिवस. मला हे कळेपर्यंत पहिले दोन उलटून गेले होते. प्रपोजची काळजी नव्हती, ते काम माझ्या मावशीने कांदेपोह्यांच्या वेळीच परस्पर उरकलं होतं. चॉकलेट मी नेलं, तर ती म्हणाली, "माझी शुगर किती आहे माहितेय ना?" म्हणून ते मीच खाल्लं; टेडी कामवाल्या मावशींच्या नातीला आवडला, तो गेला; प्रॉमिस डेला मी माळा आवरायचं वचन दिलं आणि तिने ते लगेच वसूल केलं; आणि माळ्यावरून मी खाली सोडलेली पितळी घंगाळी धरताना तिची पाठ भरली, त्यामुळे हग डेला मी तिच्या पाठीला मलम चोळलं आणि तेच हिशेबात धरलं.

उरला गुलाब. चौकातला फुलवाला एका फुलाचे पन्नास रुपये म्हणाला. पन्नास! आता मला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की हे सगळे गुलाब आपल्या मावळातूनच येतात, तळेगावच्या पुढे पॉलिहाउसच पॉलिहाउस आहेत. तेव्हा मुळातूनच घ्यावा या हिशेबी विचाराने मी मंगळवारी, माघी गणेशजयंतीला, "जरा दर्शनाला जाऊन येतो" असं सांगून गाडी काढली आणि पेट्रोल, सोमाटण्याचा टोल, वाटेतला वडापाव आणि रस्ता चुकल्यावर विचारपूस करायला घेतलेले दोन चहा इतका खर्च करून पन्नास रुपये वाचवायला मावळात पोचलो.

तिथल्या शेतकऱ्याने मला आधी आपादमस्तक न्याहाळलं. "काका, व्हॅलेंटाईनचा माल घ्यायला आज आलात?" मग त्याने दयेपोटी समजावलं. व्हॅलेंटाईनची तयारी डिसेंबरात सुरू होते. झाडांच्या फांद्या वाकवून ठेवतात, त्याला बेंडिंग म्हणतात, म्हणजे नवे फुटवे जोमाने येऊन फूल बरोबर जानेवारीअखेर हाती लागतं. ते हॉलंड, इंग्लंड, जपानला विमानाने जातं, त्यानंतर दिल्ली-मुंबईचा नंबर. कळी जाळीच्या टोपीत वाढवायची, दांड्याची लांबी सेंटीमीटरवर मोजायची, चाळीस वेगळी, साठ वेगळी, आणि काढल्याबरोबर कोल्ड स्टोरेजला टाकायची. त्या टोप्या घातलेल्या कळ्या माथेरानला निघालेल्या बालवाडीच्या सहलीसारख्या दिसत होत्या. लोक पराया देशातल्या जोडप्यांसाठी डिसेंबरपासून झटतात आणि मी १३ फेब्रुवारीला जागा होतो, या विचाराने मला जरा ओशाळल्यासारखं झालं, म्हणून विषय बदलायला मी विचारलं, "या लाल जातीचं नाव काय?"

"टॉप सीक्रेट."

"नसेल सांगायचं तर राहू द्या," मी म्हणालो.

तो बराच वेळ हसला. त्या जातीचं नावच टॉप सीक्रेट आहे आणि मावळातलं शेंबडं पोरही ते सांगतं. त्यानंतर "एक सुटं फूल मिळेल का?" हे विचारण्याइतका स्वाभिमान माझ्याकडे उरला नव्हता. तिथे वीस फुलांचा बंच असतो. पेट्रोलचा खर्च अंगावर येत होता, तो भागवायला मी दोन बंच घेतले.

घरी ती नव्हती. कोल्ड स्टोरेज दोन ते चार अंशांवर ठेवतात हे ताजं ज्ञान वापरून मी फ्रीजचे दोन कप्पे काढले, विरजणाचं भांडं, कोथिंबीर आणि भिजवलेले मूग ओट्यावर मांडले आणि चाळीस गुलाब आत आडवे निजवले. एका दांड्याला छोटं कार्ड अडकवलं: 'माझ्या एकमेव सखीस'. सकाळी चहाबरोबर द्यायचं, असा बेत होता. पण संध्याकाळी ती पिशव्या घेऊन आली आणि दुधासाठी थेट फ्रीज उघडला.

"अगंबाई!"

मी धावलो. तिच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. "अहो, तुमच्या लक्षात होतं?"

"म्हणजे काय! न राहून कसं चालेल?"

"मला वाटलं, तुम्हाला माझ्या उद्याच्या हळदीकुंकवाचा पत्ताही नसेल. शुक्रवारी रथसप्तमी, म्हटलं त्याच्या आत उरकून घ्यावं. आणि तुम्ही वाणाबरोबर द्यायला फुलं आणलीत!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याकडे बघून तिचा चेहरा असा कधी उजळला नव्हता. अशा वेळी खरं बोलायला जे धैर्य लागतं ते माझ्याकडे असतं, तर मी फुलवाल्याशीच घासाघीस केली असती. मी म्हणालो, "मग?"

बुधवारी संध्याकाळी घरात बायका जमल्या आणि पुरुषाचं काय काम म्हणून मला खाली पिटाळण्यात आलं. व्हॅलेंटाईन डेची संध्याकाळ मी वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभा राहून काढली. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून अत्तराचा वास आणि उखाणे खाली येत होते. आमच्या हिने तर ताजा रचला: "लाल लाल गुलाबाला हिरवा हिरवा देठ, अमुकरावांनी फुलं आणली मावळातून थेट." (अमुकरावांच्या जागी माझं नाव, खणखणीत.) टाळ्या पडल्या. मग एकेक बाई एका हातात प्लास्टिकचा डबा आणि दुसऱ्या हातात लांब दांड्याचा लालभडक गुलाब घेऊन जिन्यावरून उतरू लागली, आणि नेमके त्याच वेळी ऑफिसातून परतणारे त्यांचे नवरे गाड्या लावत होते.

"हे कुणी दिलं?"

"पहिल्या मजल्यावरच्या काकांनी आणलं. नाहीतर तुम्ही!"

तासाभरात सोसायटीतल्या तमाम पुरुषांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एकाने तेवढं दातओठ खात विचारलं, "कुठली जात आहे ही?" मी म्हणालो, "टॉप सीक्रेट." तो ताडकन निघून गेला.

वर गेलो तेव्हा फ्रीज मोकळा होता. एकही फूल शिल्लक नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या, ऐंशी ओलांडलेल्या आजींचा नातू माझं कार्ड घेऊन दारात उभा होता. "आजीच्या फुलाला होतं. आजी म्हणाली, काकांना म्हणावं, आता या वयात नको."

हिने कार्ड वाचलं, उलटून वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे मला होतं?"

"हो."

"मग सकाळी नाही का द्यायचं? दिवसभर तोंड शिवलं होतं का?" आणि हसत हसत पदर तोंडाला लावून ती आत गेली. आतून म्हणाली, "पण फुलं छान होती हं. पुढच्या वर्षीही तिथूनच आणा."

मी पंचांग काढून पाहिलं. २०२५ ला रथसप्तमी ४ फेब्रुवारीला. म्हणजे फुलं जानेवारीअखेर हवीत, ऐन परदेशी मालाच्या गर्दीत. शेतकऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "घेतो लिहून काका, पण तुमचा नंबर हॉलंडच्या मागे."