हेडर न वाचता साइट दुरुस्त करण्याचे मार्ग, आणि एक वाचून करण्याचा

साइट बंद पडली की काय करायचं याचा क्रम परंपरेने ठरलेला आहे. आधी रिफ्रेश. मग जरा जोरात रिफ्रेश. मग राउटर बंद करून चालू. मग ग्रुपवर "सगळ्यांनाच बंद दिसतेय का?" हा प्रश्न. त्यावर तिघांचं "माझ्याकडे चालू आहे" आणि एकाचं सुप्रभात. शेवटी होस्टिंगवाल्याचा उद्धार. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी पुढे वाचू नये.

उरलेल्यांनी ब्राउझरमध्ये एफ १२ दाबावं. लॅपटॉपचा आवाज वाढला किंवा पडदा काळवंडला, तर एफएन धरून पुन्हा दाबावं. खिडकीच्या कडेला जे उघडतं ते पाहून नवशिक्याने घाबरायचं असतं. ते उरकून घ्या. 'नेटवर्क' टॅबवर जा, पान पुन्हा लोड करा, यादीतली सर्वांत वरची ओळ निवडा आणि 'रिस्पॉन्स हेडर्स' शोधा. जवळच 'रिक्वेस्ट हेडर्स' असतात. ते तुमच्याच ब्राउझरने पाठवलेले असतात, तेव्हा ते वाचून सर्व्हरवर चिडू नका.

दुसरा मार्ग टर्मिनलचा: कर्ल, मग उणे चिन्ह आणि कॅपिटल आय, मग साइटचा पत्ता. मागून जाणाऱ्या साहेबांच्या मनात तुमच्याबद्दल आदर निर्माण होतो, हा याचा मुख्य फायदा. तोटा असा की हा आदेश नुसते हेडर मागतो, पान मागत नाही, आणि काही सर्व्हर अशा मागणीला वेगळंच उत्तर देतात.

१९९१च्या वेबमध्ये हेडर नव्हतेच. पान मागायचं, पान मिळायचं, विषय संपला. आता पानाआधी साइटचा सातबारा येतो, आणि खऱ्या सातबाऱ्यासारखाच तो भानगड झाल्याशिवाय कोणी उघडत नाही.

पहिली ओळ आकड्याची. ४०४ सगळ्यांना माहीत असतो, म्हणून त्यात मजा नाही. ५०२ म्हणजे दारावरचा सर्व्हर जिवंत आहे, पण त्याच्या मागे काम करणाऱ्याकडून धड उत्तर आलेलं नाही. इथे राउटर बंद-चालू करून तो मागचा जागा होत नाही. ३०४ पाहून धावाधाव करू नका. "तुमच्याकडची प्रत अजून ताजी आहे" एवढंच तो सांगतो. ३०१ मात्र जपून वापरा. हा कायमचा बदलीचा हुकूम आहे आणि ब्राउझर तो मनावर घेतो. चुकीचा ३०१ दिलात, तर सर्व्हरवर दुरुस्त केल्यावरही लोक जुन्याच चुकीच्या पत्त्यावर जात राहतात. आधी ३०२ने चाचणी घ्या. सगळ्यांत बेरकी आकडा २००. पानावर "डेटाबेसशी संपर्क होत नाही" आणि वर हेडरमध्ये २००, सर्व क्षेमकुशल! अशी साइट दिवसभर बंद असली तरी नुसता आकडा पाहणारी देखरेख यंत्रणा समाधानी असते.

'डेट' या हेडरमध्ये सकाळी दहा वाजता साडेचार दिसतील. सर्व्हरचं घड्याळ मागे पडलेलं नाही. ही वेळ नियमानेच ग्रीनिचची असते. तक्रारीचा मेल लिहून झाला असेल तर पाठवू नका.

वेगाचं बघायचं तर आधी 'कंटेंट-एन्कोडिंग' शोधा. तिथे जीझिप किंवा बीआर हवं. पानाच्या बाबतीत ही ओळच नसेल, तर मजकूर न दाबता, फुगवलेला तसाच पाठवला जातोय. मग 'कॅशे-कंट्रोल'. इथल्या 'नो-कॅशे'वर विश्वास ठेवून भलेभले फसले आहेत. त्याचा अर्थ "साठवू नका" असा नाही. "साठवा, पण वापरण्याआधी दरवेळी मला विचारा" असा आहे. खरोखर साठवायचं नसेल तर 'नो-स्टोअर' लिहावं लागतं. आणि "मी बदल केला, पण दिसत नाही" हा आक्रोश करण्याआधी 'एज' पाहा. तिथे ८०,००० असेल, तर तुम्ही बघताय ती प्रत मधल्या कुठल्या तरी कॅशेत बावीस तासांहून जास्त वेळ पडून आहे. तुमचा कोड निर्दोष असू शकतो. क्वचित.

पीएचपीच्या साइटवर 'एक्स्पायर्स'मध्ये १९ नोव्हेंबर १९८१ ही तारीख दिसली तर दचकू नका. सेशन सुरू झालं की पीएचपी आपणहून ही तारीख पाठवतं, म्हणजे पान जन्मतःच शिळं ठरतं. सेशनचा कोड लिहिणाऱ्याचा तो वाढदिवस, असं सांगतात.

सुरक्षेच्या भागात सर्व्हरचा भाबडेपणा उघड होतो. 'एक्स-पॉवर्ड-बाय: पीएचपी ५.६' असं तो कोणी न विचारता सांगून टाकतो. या आवृत्तीचा अधिकृत सुरक्षा-आधार २०१८च्या अखेरीस संपला. ही ओळ लपवणं सोपं असल्यामुळे बहुतेक जण तेवढंच करतात, आत ५.६ सुखाने नांदत राहते. मग कोणीतरी साइटला ग्रेड देणारं संकेतस्थळ दाखवतं आणि 'ए प्लस'साठी सगळे हेडर एका संध्याकाळी चिकटवले जातात. 'स्ट्रिक्ट-ट्रान्सपोर्ट-सिक्युरिटी' एका वर्षासाठी, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांसाठी, सगळ्या सबडोमेन्ससकट. पुढे एखाद्या विसरलेल्या सबडोमेनचं सर्टिफिकेट संपतं, आणि आधी येऊन गेलेल्यांना "धोका पत्करून पुढे जा" हे बटणही मिळत नाही. सुरुवात पाच मिनिटांनी करा, मग वाढवत न्या. 'कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी'ही आधी नुसत्या रिपोर्टपुरती लावा, नाहीतर पेमेंटचं बटण गायब झाल्याचं ग्राहकाकडून कळेल.

फावल्या वेळात वर्डप्रेस डॉट कॉमचे हेडर जरूर चाळा. हेडर वाचणाऱ्यांसाठी तिथे नोकरीचं आमंत्रण लपवलेलं असायचं. लेखक टेरी प्रॅचेट २०१५मध्ये गेले, तेव्हापासून काही साइट्स 'एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड' या हेडरमध्ये त्यांचं नाव पाठवत राहतात. पानावर ते कुठेच दिसत नाही.

आता हे सगळं कॉपी करून मदतीसाठी ग्रुपवर टाकायचं. त्याआधी 'सेट-कुकी'ची ओळ पुसा. लॉगिन करून हेडर घेतले असतील, तर त्या ओळीत तुमच्या सेशनची किल्ली असू शकते, आणि ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते ॲडमिनलाही ठाऊक नसतं.