उणे अठरा

चंदीगडात मराठी माणसाला कशाची उणीव भासली, तर त्याने आधी काकांना फोन करायचा, अशी इथली रीत आहे. उणीव भरून निघेलच असं नाही. पण ती केवढी मोठी आहे, हे काका नक्की पटवून देतात.

काकांची हयात सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी एका आइस्क्रीमवाल्याचा जुना आडवा डीप फ्रीजर विकत घेतला, मागच्या व्हरांड्यात बसवला आणि त्यात कोकण गोठवून ठेवलं. खोवलेला नारळ, सोललेले वाल, पावट्याचे दाणे, ओले काजू, फणसाची कुयरी, अळूची पानं. प्रत्येक पिशवीवर तारीख, वजन आणि शेरा. शेरे दोनच: 'देऊ नये' आणि 'विचार करून द्यावे'. देशातलं परवानाराज 1991 साली मोडीत निघालं; ही बातमी त्या व्हरांड्यापर्यंत पोचलेली नाही. पावशेर बिरड्यासाठी आधी घरी पाहुणे कोण येणार, ते मूळचे कुठले, त्यांना बिरड्यातलं कळतं का, एवढं सांगावं लागतं. घाटावरचा पाहुणा असेल तर अर्ज तिथेच निकालात.

पुरवठा रत्नागिरीच्या धाकट्या बहिणीकडून. काजू सोलून चिकाने बोटांची सालं तिची जातात, 'माझे काजू' काका म्हणतात. मडगावहून निघणारी गोवा संपर्क क्रांती रत्नागिरीवरून चंदीगडपर्यंत येते, ती रेल्वेने आपल्याचसाठी सोडलीय, अशी त्यांची समजूत. त्या गाडीने ओळखीचं कुणी येतंय असं कळायचा अवकाश, फलाटावर त्याच्या आधी खोकं हजर. हे थर्माकोलचं खोकं मिरकरवाडा बंदरातल्या मासळीवाल्याकडचं. त्यातून ऋषीपंचमीच्या भाजीचा अळू आला, तेव्हा मंडळातल्या एका आजींनी नाकाला पदर लावून विचारलं, "ह्याला पापलेटचा वास कसा रे?" शिवाय बैलाच्या कष्टाचं ज्या दिवशी चालत नाही, त्या दिवशी विजेच्या कष्टाचं कसं चालतं, हाही त्यांचा प्रश्न होता. काका म्हणाले, "शास्त्रात विजेचा उल्लेख नाही." ते खरंच होतं.

खरं तर सगळं चंदीगडच आयातीवर जगतं. 114 चौरस किलोमीटरचं आखीव शहर, त्यात शेतं ती किती असणार? सेक्टर 26च्या मंडईत बटाटा पंजाबचा, टोमॅटो हिमाचलचा, आणि कांदा तर कित्येकदा आपल्या नाशिकचाच. "मग मी वेगळं काय करतो?" असं काका विचारतात. फरक एवढाच, की मंडई नसलेली वस्तू आणते. काका असलेली वस्तू आधी बाद करतात. कोवळा फणस इथे हातगाडीवर मिळतो; काका म्हणतात, "तो कटहल. फणस नव्हे." शेजारच्या कांगड्याच्या आंटी पावसाळ्यात परसातली पानं काढून बेसन लावून पतरोडे उकडतात, म्हणजे अळुवडीच. काकांनी त्या पानांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि "अरबी आहे, खाजेल," असा निकाल देऊन आतून चार महिन्यांची गुंडाळी काढली.

ती गुंडाळी वितळली की लिबलिबीत होते, आणि ती का होते हे काकांइतकं चांगलं कुणी सांगत नाही. कारखान्यात उणे तीस-चाळीसच्या वाऱ्यात दाणा मिनिटांत गोठतो, बर्फाचे कण बारीक राहतात. घरच्या फ्रीजरात तो रमतगमत गोठतो, कण मोठे होतात, पेशी फाटतात, भाजी पाणी सोडते. हे सगळं समजावून झाल्यावर काका त्याच लगद्याची वडी आपल्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "मुरलीय बघ कशी!"

22 फेब्रुवारी 2022. खासगीकरणाविरुद्ध वीज कर्मचाऱ्यांनी तीन दिवसांचा संप पुकारला आणि शहराच्या मोठ्या भागात अंधार झाला. चौकातले सिग्नल बंद, इस्पितळांत शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या, लष्कराच्या अभियंत्यांना पाचारण. काकांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली. "गच्च भरलेला फ्रीजर न उघडता ठेवला तर दोन दिवस टिकतो," असं त्यांनी प्रत्येकाला बजावलं, आणि टिकतोय ना हे पाहायला दर अर्ध्या तासाने झाकण उघडून थर्मामीटर लावला. उणे अठरा. उणे अकरा. उणे सहा. काकू म्हणाल्या, "अहो, रोग्याला ताप बघून बघूनच माराल." शून्यावर काटा आला तेव्हा रात्र झाली होती.

मग फोन सुटले. "ताबडतोब या. पातेलं घेऊन या." सात वर्षं 'विचार करून द्यावे'वर अडकलेले अर्जदार टॉर्च घेऊन हजर झाले. घाटावरचेसुद्धा! गॅसवर एकीकडे बिरडं, एकीकडे काजूची उसळ. कांगड्याच्या आंटींनी अळूची गुंडाळी उलगडली, वास घेतला आणि ओरडल्या, "अंकलजी, ये तो पतरोडे के पत्ते हैं!" काका काही बोलले नाहीत. त्यांचं तोंड भरलेलं होतं.

वीज आली. रिकाम्या फ्रीजरकडे आंटींचं लक्ष गेलं. पंजाबचा मटार ऐन भरात होता. त्यांनी पाच किलो सोलून, उकळत्या पाण्यातून काढून पिशव्या भरल्या आणि जागा मागितली. काकांनी नाइलाजाने दिली, फक्त तारीख घालायच्या अटीवर. एक दाणा चाखला. दुसरा चाखला. संध्याकाळी रत्नागिरीला फोन लागला: संपर्क क्रांतीने कुणी तिकडे येतंय का, खोकं पाठवायचंय.

बहीण म्हणाली, "दादा, फ्रोझन मटार इथे कोपऱ्यावरच्या दुकानात बारा महिने मिळतो."

"तो फ्रोझन गं," काका म्हणाले. "हा ताजा आहे. माझ्या डोळ्यांदेखत गोठवलाय."