यादीबाहेरचे कार्ड

प्रति,
माननीय बायॉस साहेब,
मु. पो. मदरबोर्ड.



परवा आपल्या दारी एक वायफाय कार्ड घेऊन आलो होतो. लॅपटॉपचे खालचे झाकण काढले, अँटेनाच्या काळ्या-पांढऱ्या तारा नखाने अलगद उचकटल्या, जुन्या कार्डाच्या जागी नवे तिरके सरकवून दाबले. ‘टक्’ करून बसले. दोन्ही मिनी पीसीआय एक्सप्रेस, दोन्हींना ५२ पिना. मशीन चालू करताच, विंडोज जागे व्हायच्या आत, आपण काळ्या पडद्यावर कळवलेत की उपकरण अनधिकृत आहे, काढून टाका. एवढी कर्तव्यदक्षता पाहून ऊर भरून आला.

कंपनीचे नाव लिहीत नाही. जुन्या थिंकपॅडवर असा निरोप १८०२ या क्रमांकाने येई, एचपीच्या मशिनांवर १०४ ने. तेव्हा आपले घराणे मोठे आहे.

गैरसमज नसावा, नकाराचा राग नाही. पूर्वीचे स्लॉटही नकार देत, पण तोंडावर देत. कार्डबसचे कार्ड ३.३ व्होल्टचे, ५ व्होल्टच्या जुन्या पीसी कार्ड स्लॉटमध्ये ते शिरूच नये अशी त्याची कडच घडवलेली. २००३ मध्ये एक्सप्रेसकार्ड आले. जुन्याला ६८ पिना, याला २६. तेही त्या फटीत जाईना. भांडण विजेचे आणि मापाचे होते, सामान्य माणसाला कळत होते. एमसॅटा तेवढे लबाड: अंगकाठी मिनी पीसीआय एक्सप्रेसचीच, सिग्नल मात्र साटाचे, त्यामुळे बसते सुखाने आणि चालत नाही. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ शेजारी ठेवली तर चटकन ओळखू येत नाहीत. पण २०१ चा अर्धा कारभार इंटेलच्याच चिपसेटमध्ये असतो, म्हणून भलत्या मदरबोर्डवर ते मुके. असो, तिथे कारण तरी आहे. आपल्याकडे यादी आहे.

आपण व्होल्टेज विचारत नाही, वेग विचारत नाही. कार्ड बनवणाऱ्याचा आणि कार्डाचा क्रमांक वाचता आणि यादी चाळता. कंपन्या सांगतात, रेडिओ आणि अँटेना यांना अमेरिकेच्या एफसीसीची एकत्र मंजुरी असते, परक्या कार्डाने ती मोडते. मान्य. मग त्याच संध्याकाळी त्याच मशीनच्या कुशीत नखाएवढा यूएसबी डोंगल खोचला, तेव्हा आपण कुठे होतात? रेडिओ त्यातही आहे. त्याचे कागद आपण मागितले नाहीत. तो आल्या आल्या कामाला लागला.

आता घरांचे पाहा. मी दिल्लीत राहतो ते हिंदूराव. हे हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे बंधू. इथल्या टेकडीवरची कोठी विल्यम फ्रेझरची. १८३५ मध्ये त्याचा खून झाला आणि पुढे तीत हिंदूराव राहू लागले. १८५७ मध्ये इंग्रजांनी तिथे मोर्चा बांधला. आता महापालिकेचे रुग्णालय आहे. गोऱ्या साहेबाच्या घरात कोल्हापूरकडचा सरदार! विटांनी ना कुरकुर केली ना क्रमांक विचारला. आपण असता तर दारातच यादी काढली असतीत.

नेहरू प्लेसच्या संगणक बाजारातल्या कारागिराने उपाय सांगितला: “क्लिप लगाके बायोस दोबारा लिख देंगे. बोर्ड गया तो ज़िम्मेदारी आपकी.” म्हणजे आठ पायांच्या त्या इवल्या चिपला चिमटा लावायचा, आपल्याला बाहेर काढायचे, यादी खोडायची आणि परत आत बसवायचे. वयोमानाने आपल्याला हे झेपेल का, म्हणून मी तूर्त नको म्हटले.

विनंती एवढीच: कंपनीने ज्या मॉडेलची सेवा बंद केली, त्याच्या शेवटच्या अपडेटमध्ये यादी काढून टाकावी. सुटे भाग कंपनी विकणार नाही, दुसऱ्याचे आपण घेऊ देणार नाही, मग त्या स्लॉटमध्ये उदबत्ती लावायची का?

पुलबंगशहून मेट्रोची लाल लाइन कश्मीरी गेटला जाते. तिथे बदलले की नेहरू प्लेस. न उतरता दोन स्टेशने पुढे गेले की सीलमपूर. तिथे जुने बोर्ड मोडून भंगारात काढतात. महिनाभरात उत्तर आले नाही, तर मी कश्मीरी गेटला उतरणार नाही, हे कृपया ध्यानी घ्यावे.

कळावे,
आपला,
एक अनधिकृत ग्राहक
हिंदूराव, दिल्ली